घरात कोरडं, कार सीटमध्ये ओलं: कापडी डायपर गाडीतच का गळतो आणि काय करायचं

आधी त्रास काय होता ते सांगते, म्हणजे तुमचा तोच आहे का ते कळेल. घरात कापडी डायपर घातला की दोन-सव्वादोन तास काही बघावं लागत नाही, बाळ पालथं पडतंय, लोळतंय, झोपतंय, सगळं कोरडं. आणि तोच डायपर, तेच बाळ, गाडीत कार सीटमध्ये बसवून पट्टे लावले की पाऊण तासात झबलं पाठीपर्यंत ओलं आणि सीटचं कव्हर पण ओलं. एखाद्या वेळी झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण आमच्याकडं हे दर फेरीला होत होतं.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, माहेर साताऱ्याचं. पेठ नाका, कराड करत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडतं, लेकराला घेऊन थांबत थांबत गेलं की तीन तास धरायचे, आणि महिन्यातनं दोनदा तरी जाणं होतंच. पहिल्या तीन फेऱ्यांत मी डायपरच बदलत बसले, या कंपनीचा नको म्हणून त्या कंपनीचा, मग तिसऱ्या, पैसे गेले आणि ओलं व्हायचं ते झालंच. घरचे म्हणायला लागले प्रवासापुरते वापरून फेकायचे घाल की. त्यात चुकीचं काहीच नाही, ज्यांना सोयीचं पडतं त्यांनी जरूर घालावेत, पण आमच्या बाळाला त्याने जांघेत लाल व्हायचं म्हणून मला कापडीच हवे होते.

आणि चौथ्या फेरीला मी जे केलं ते सांगितल्याशिवाय पुढं जाणार नाही, कारण हे अजून बऱ्याच जणी करत असतील. मला वाटलं पट्टा आवळतोय म्हणून शू दाबून बाहेर येतीय, म्हणून मी पट्टे सैल सोडले, चांगले चार बोटं सैल. ओलं खरंच थोडं कमी झालं. कराडच्या अलीकडं उसाची ट्रॉली एकदम आडवी आली, ह्यांनी जोरात ब्रेक दाबला आणि बाळ सीटच्या पाठीवरून वर सरकलं, एक खांदा पट्ट्यातून निसटून बाहेर. लागलं काही नाही, ते रडलंपण नाही. माझे हात मात्र सातारा येईपर्यंत थरथरत होते.

तर पहिली गोष्ट ही. डायपर गळू दे, सीट भिजू दे, पट्टा सैल करायचा नाही. बाकी सगळे उपाय पट्टा घट्ट ठेवूनच शोधायचे, आणि ते आहेत, नीट आहेत.

नेमकं होतं काय ते मला ओट्यावर कळलं. दोन ताटल्या घेतल्या, एकीत डायपरबरोबर आलेला मायक्रोफायबरचा जाड इन्सर्ट, म्हणजे आत घालायचा पॅड, ठेवला, दुसरीत आईने दिलेल्या जुन्या धोतराची घडी, दोन्हीवर अर्धी अर्धी वाटी पाणी ओतलं. मायक्रोफायबरने क्षणात पिऊन टाकलं, धोतराला जरा वेळ लागला, कडेनं थोडं वाहिलं पण मग तेही आत गेलं. मग दोन्हीवर तळहात ठेवून अंगाचा थोडा भार दिला आणि उचललं. मायक्रोफायबरच्या ताटलीत डबकं होतं, बोटांच्या फटीतनं पाणी वर आलं होतं. धोतराच्या ताटलीत नुसता ओलावा. त्या एका तळहातात माझ्या चार फेऱ्यांचं उत्तर होतं.

मायक्रोफायबर म्हणजे अतिशय बारीक पॉलिस्टरचे धागे, ते स्वतः पाणी पीत नाहीत, पाणी धाग्यांच्या मधल्या फटीत धरलेलं असतं, स्पंजासारखं. दाबलं की सोडून देतं. सुती धागा पाणी आत ओढून घेतो, म्हणून दाबल्यावर लगेच सोडत नाही, बांबू आणि हेम्पचं कापड पण त्याच जातीचं. घरात बाळ लोळत असतं तेव्हा डायपरवर सतत दाब नसतो. कार सीटमध्ये मात्र बुड खोलगट जागेत रुतलेलं, अंग अर्धवट दुमडलेलं, मधला पट्टा दोन पायांच्या मधनं वर आलेला, म्हणजे जिथं शू होते नेमकी तीच जागा दोन्हीकडून दाबलेली. त्यात आपले रस्ते, गाडी प्रत्येक खड्ड्यात त्याला वरखाली करणार. म्हणून डायपर महागाचा असो की स्वस्तातला, आत नुसतं मायक्रोफायबर असलं की गाडीत गळणारच.

मग गाडीसाठी आतला पॅड बदलायचा, अख्खा डायपर नाही. बाहेरचं कव्हर, टिचबटणं, सगळं तेच राहू दे. मी आता प्रवासाला नुसती सुती घडी घालते. साधारण ७० सेंटीमीटरचा चौकोन घ्यायचा, एकदा अर्धा, परत अर्धा, झाला ३५ चा चौकोन चार पदरी, मग त्याच्या तीन घड्या, म्हणजे १२ पदरांची लांबट पट्टी तयार. जुनं धोतर किंवा नऊवारी मिळालं तर सोनं समजा, इतकी वर्षं धुऊन ते कापड इतकं मऊ आणि पाणी पिणारं झालेलं असतं की विकत तसं मिळत नाही. नाहीतर कापड पेठेतनं मलमल घ्या, इचलकरंजी आपल्या शेजारी आहे, सुती कापडाला तोटा नाही, फक्त हाताने चोळून बघा, पॉलिस्टर मिसळलेलं चकचकीत नको. आणि नवं सुती कापड पाच-सहा वेळा धुतल्याशिवाय वापरू नका, कोऱ्या कापडावर खळ असते, कापसाचं स्वतःचं मेणतेल असतं, ते निघेपर्यंत पाणी वरच्यावर थरारत राहतं. माझ्या जाऊबाईंनी कोरी मलमल एकदाच धुऊन वापरली आणि सुती पण गळतंय म्हणाल्या, ते कारण हेच.

बाळ एका दमात जोरात शू करणारं असेल तर नुसत्या सुतीला वेळ पुरत नाही, तेव्हा पॉकेट डायपरमध्ये, म्हणजे ज्याला पॅड सरकवायला आत खिसा असतो त्यात, वर एक पातळ मायक्रोफायबर आणि खाली सुती घडी, वरच्याने पटकन घ्यायचं, दाब आला की खालच्याने धरून ठेवायचं. पण मायक्रोफायबर कातडीला थेट लावायचा नाही, तो कातडीचा ओलावा ओढून ती कोरडी खरखरीत करतो, पॉकेटच्या आतच ठेवायचा. आणि भीतीनं तीन-तीन पॅड कोंबू नका. बुड जाड झालं की मांडीजवळचं इलॅस्टिक उचललं जातं, तिथं फट पडते, आणि पट्टे पण नीट बसत नाहीत.

पॅड बदलूनही ओलं होत असेल तर ओलं नेमकं कुठं येतंय ते बघा, घाईत कपडे काढून टाकू नका, एक मिनिट निरखा. मांडीजवळ ओलं म्हणजे इलॅस्टिक जांघेच्या घडीत बसलेलं नाही, मांडीवर खाली आलेलं आहे. चड्डीची कड जिथं बसते तिथंच ते बसलं पाहिजे, बसवल्यावर बोट फिरवून बघायचं. पाठीकडं ओलं येत असेल तर समजा की तो रेललेल्या सीटचा परिणाम, शू उताराने मागं जाते, म्हणून घडीचा जाड भाग मधोमध आणि थोडा मागं घ्या. मुलगा असेल आणि पोटावर ओलं येत असेल तर घडीचं टोक पुढून दुमडून दुप्पट करा आणि घालताना त्याची शूची जागा खाली वळवलेली आहे ना ते बघा, वर राहिली की सरळ पोटावर धार. आणि घडीचा एखादा कोपरा कव्हरच्या बाहेर डोकावत असेल, एवढासा, नखाएवढा, तरी तो वातीसारखं काम करतो आणि अख्खं झबलं भिजवतो.

वात म्हणाले त्यावरनं. आमच्याकडं कंबरेभोवती एक ओली रेघ यायची, बरोबर गोल, झबल्यावर कुणी पेन्सिलने काढल्यासारखी. मांडीजवळ कोरडं, पाठ कोरडी, आणि ही रेघ. दोन दिवस कळेना. मग एकदा डायपर उघडताना दिसलं, करदोटा. काळा सुती दोरा, अर्धा डायपरच्या आत गेलेला, अर्धा बाहेर, आतला भाग ओला आणि तोच ओलावा बाहेरपर्यंत चढलेला. सासूबाईंना दाखवलं, करदोटा काढायचा विषय नव्हताच, त्यांनी स्वतःच तो वर सरकवला आणि डायपरची कड त्याच्या खाली घेतली. आता रोज तसंच. ज्यांच्या बाळाला करदोटा आहे त्यांनी हे आजच बघा.

आता दुसरं मोठं कारण, जे मला सगळ्यात उशिरा कळलं. तेच डायपर माहेरी चार दिवस धुतले की नीट चालायचे, सांगलीत आठवडाभर धुतले की परत गळायला लागायचे आणि सकाळचा डायपर उघडला की डोळ्यात पाणी येईल असा उग्र वास. माहेरी कासचं पाणी येतं, पठारावरच्या तलावात साठलेलं पावसाचं पाणी, मऊ. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी मिसळतात, नळाच्या तोंडाला पांढरा थर, बादलीला पांढरी कड. जड पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका होतो आणि तो कापडाच्या धाग्यात बसतो. मग पाणी शिरायला जागा राहत नाही, आणि शू पण पूर्ण निघत नाही, त्यातल्या युरियापासून जंतू अमोनिया करतात, तोच तो वास. आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडं किंवा माण-खटावला बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्यांनी हे आधी तपासा. बाटलीत थोडं पाणी घेऊन अंगाच्या साबणाचा किस टाकून हलवा, फेस न होता दुधासारखं गढूळ झालं तर पाणी जड.

कापडाची परीक्षा त्याहून सोपी. कोरड्या पॅडवर चमच्याने पाण्याचा थेंब सोडा. लगेच शिरला तर ठीक. मण्यासारखा वर बसून राहिला तर कापडावर थर आहे, आणि तो क्षाराचाच असेल असं नाही. तेल पण असू शकतं. आपल्याकडं सकाळी मालिशवाली बाई खोबरेल तेलाने चोळून अंघोळ घालते, जांघेत तेल राहतं, वरनं आपण रॅशसाठी जाड क्रीम लावतो आणि डायपर घालतो, ते सगळं रोज थोडं थोडं पॅडमध्ये मुरतं. तेल लावलं की अंघोळीनंतर जांघ नीट पुसून घ्या, क्रीम लावायचीच असेल तर मध्ये मलमलचा पातळ तुकडा ठेवा, तो वेगळा धुवा. आणि फॅब्रिक कंडिशनर डायपरला कधीच नाही. कपडे मऊ लागतात ते त्याच्या थरामुळेच, आणि तोच थर पाणी अडवतो. आमच्याकडं मशीनला सगळ्या कपड्यांबरोबर कंडिशनर जात होता, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

थर काढायला मी हे केलं. फक्त आतले पॅड घेतले, कव्हर नाही. आधी नेहमीसारखे धुऊन घेतले. मग बादलीत कडक गरम पाणी, त्यात धुण्याचा सोडा दोन मोठे चमचे (खायचा सोडा नाही, धुण्याचाच, आणि हातमोजे घालून), पॅड तीन-चार तास बुडवून ठेवले, पाणी चहासारखं मळकट झालं. मग नुसत्या पाण्यातनं इतक्यांदा काढले की शेवटी फेस अजिबात राहिला नाही. नळाला पांढरा थर येण्याइतकं जड पाणी असेल तर दुसऱ्या दिवशी लिंबूसत्वाच्या पाण्यात वेगळं भिजवा, क्षार त्याने सुटतात, पण सोडा आणि लिंबूसत्व एकत्र टाकू नका, एकमेकांना मारतात आणि हाती काही लागत नाही. हे रोज करायचं काम नाही, थेंब शिरेनासा झाला तरच. रोजच्या धुण्याला बोअरचं पाणी असेल तेव्हा पावडरबरोबर थोडा धुण्याचा सोडा टाकते, बास.

रोजचं धुणं मी असं करते: शूचे डायपर काढल्या काढल्या गार पाण्यातनं काढून उघड्या बादलीत ठेवायचे, भिजत नाही, दोन दोन दिवस पाण्यात भिजत ठेवले की वास त्यातच धरतो. शीचा असेल तर शी संडासात टाकून डाग आधी गार पाण्याने, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग एक दिवसाआड मशीन. पॅड आणि घड्या कडक उन्हात, पिवळे डाग उन्हानेच जातात. कव्हर सावलीत, कारण त्याच्या आतल्या बाजूला पातळ प्लास्टिकचा थर चिकटवलेला असतो, तो उकळत्या पाण्याने आणि भाजणाऱ्या उन्हाने सुटत जातो. थर सुटला की कव्हर उजेडात धरल्यावर आत बुडबुडे दिसतात, मग काही केलं तरी ते गळणारच, बदलून टाका.

पावसाळ्यात सुती घडीचा खरा फायदा कळतो. शिवलेला जाड पॅड साताऱ्याच्या पावसात दोन दिवस ओलसर राहतो, घडी उलगडली की एक पदर, पंख्याखाली रात्रीत वाळते. ओलसर पॅड घालू नका, अंगावर पुरळ त्यानेच येतं. आणि रॅश दोन-तीन दिवसांत उतरला नाही किंवा बारीक लाल ठिपके पसरत चालले तर घरचे उपाय थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा, बुरशी असेल तर तिला वेगळं औषध लागतं.

आता सीटकडं येते. कापडी डायपर जाड असतो, त्याने बाळ सीटमध्ये थोडं वर आणि पुढं बसतं. म्हणून डायपर बदलला की पट्टा दर वेळी नव्याने ओढायचा, मागच्या वेळचं माप धरून नुसता क्लिक करायचा नाही. पातळ डायपरवर घट्ट असलेला पट्टा जाडवर लागत नाही, आणि जाडवर बसवलेला पातळवर सैल पडतो. खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरून बघायचा, चिमटीत कापडाची घडी आली तर सैल आहे, बोटं घसरून रिकामी आली तर बरोबर. रिअर फेसिंगमध्ये, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडं असतं तेव्हा, खांद्याचे पट्टे खांद्याच्या उंचीतनं किंवा जरा खालच्या खाचेतनं आले पाहिजेत. सीट स्वतः गाडीला किती घट्ट बसलीय ते पण बघा, जिथून बेल्ट जातो तिथं धरून हलवली तर इंचभरापेक्षा जास्त सरकता कामा नये.

ओलं होऊ नये म्हणून बाळाच्या खाली जाड टॉवेल, रबरी शीट, गोधडी काही घालू नका. मी टॉवेल घालत होते. धडकेत ते सगळं दबतं आणि तेवढा पट्टा सैल पडतो. तसंच कुंची आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ सीटमध्ये ठेवता येत नाही, मधला पट्टा पायांच्या मधनं जाणार कसा? आधी झबल्या-चड्डीवर पट्टे लावायचे, मग दुपटं वरनं पांघरायचं. सीट भिजली तर कव्हर काढून धुवा, पण पट्टे मशीनमध्ये किंवा साबणात भिजत घालू नका, ब्लीच तर नाहीच, विणीची ताकद जाते, ओल्या फडक्याने पुसून वाऱ्यावर वाळवा. आणि कव्हर परत चढवताना पट्टे पिळले गेलेत का ते बघा.

आमच्या सासूबाईंचं म्हणणं होतं मांडीवर घेऊन बसते, इतकी वर्षं नेलीच की लेकरं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, हिशेब करून दाखवला. ताशी ५० च्या वेगाने चाललेली गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली तर सहा किलोचं बाळ हातातनं ऐंशी-पंच्याऐंशी किलोच्या जोराने पुढं ओढलं जातं. साखरेचं पोतं ५० किलोचं, म्हणजे दीड पोत्याहून जास्त. कुणाचे हात धरतील? त्या गप्प बसल्या आणि तेव्हापासून बाळाच्या शेजारी बसून त्याचं बोट धरतात. कायद्यात पण हे आहे, २०१९ च्या मोटार वाहन सुधारणेत कलम १९४ब आलं, चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा बाल सीटमध्ये बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड. पण दंडासाठी कुणी करू नका.

ज्यांचं बाळ अजून यायचंय, बाळंतविडा भरणं चाललंय, त्यांच्यासाठी दोन गोष्टी, कारण मी दोन्हीत चुकले. एक, सगळ्या मापाचा म्हणून विकतात तो मोठा डायपर जन्मलेल्या बाळाला बसत नाही. आपल्याकडं बाळ अडीच-तीन किलोचं असतं, मांड्या काडीसारख्या, साडेचार-पाच किलो होईपर्यंत त्या डायपरला मांडीजवळ फट राहणारच. पहिले दोन-तीन महिने मलमलचे लंगोट दोन-तीन डझन आणि वरनं लहान मापाची तीन-चार कव्हरं, बास. मोठे डायपर आधी एकच आणून बघा, बाळाला बसला, धुऊन वाळला, तर मग बाकीचे.

दुसरं, सीट घेताना आधी आपली गाडी बघा. मागच्या सीटच्या पाठीच्या आणि बैठकीच्या फटीत हात घाला, दोन लोखंडी कड्या लागल्या तर आयसोफिक्स आहे, म्हणजे सीट बेल्टशिवाय थेट त्या कड्यांना अडकवता येते. नसेल तर तीन ठिकाणी धरणाऱ्या बेल्टने बसणारी सीट घ्या, आणि घेण्याआधी दुकानदाराला गाडीत लावून दाखवायला सांगा, कारण लहान गाड्यांत मागचा बेल्ट कधी कधी इतका आखूड असतो की रिअर फेसिंग सीटभोवती फिरून लागतच नाही, आमचं तसंच झालं आणि पहिली सीट परत द्यावी लागली. जुन्या गाडीत मधल्या जागेला नुसता कंबरेचा बेल्ट असतो, तिथं तीन ठिकाणी धरणाऱ्या बेल्टची सीट लावायची नाही. सीटवर युरोपच्या मानकाचं स्टिकर शोधा, आर ४४ असेल तर लहान बाळाचा ० प्लस गट १३ किलोपर्यंत, आर १२९ असेल तर ती बाळाच्या उंचीवर ठरते आणि १५ महिन्यांपर्यंत तरी रिअर फेसिंगच वापरायची असते. भारताचं मानक एआयएस-०७२. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना रिअर फेसिंग सीट कधीच नाही, बॅग उघडली की सरळ बाळाच्या डोक्यामागं सीटवर आदळते. नात्यातली वापरलेली सीट घ्यायला हरकत नाही, पण ती अपघातात होती का हे तोंडावर विचारता येईल अशा माणसाकडूनच, आणि सीटच्या तळाला तारीख बघून. गाडीबाजारातली अनोळखी सीट नको.

आमच्या फेऱ्यांचा आताचा क्रम सांगते. निघायच्या अगदी आधी, ह्यांनी गाडी सुरू केल्यावर, मी डायपर बदलते, अर्धा तास आधीचा चालत नाही. सुती घडी, करदोटा वर, इलॅस्टिकवर बोट फिरवून, मग पट्टे, चिमटी, वरनं दुपटं. कराडला थांबतोच, ओलं असो नसो. तिथं बाळाला सीटमधनं बाहेर काढून डायपर बदलून दहा-पंधरा मिनिटं मांडीवर मोकळं सोडते, कारण त्या अर्धवट बसलेल्या अवस्थेत दोन तासांपेक्षा जास्त सलग ठेवायचं नसतं, अगदी नवजात असेल तर अर्ध्या तासाच्यावर नेऊच नये. ओला डायपर झिपच्या पिशवीत. मागच्या पाच फेऱ्यांत एकदा ओलं झालं, आणि त्या दिवशी घडीचा कोपरा बाहेर राहिला होता.

साताऱ्याला पोचल्यावर बाळ गाढ झोपलेलं असतं आणि सगळे म्हणतात उठवू नको, तशीच सीट आत आण. तसं करू नका. घरात सीट सपाट जमिनीवर ठेवली की तिचा कल बदलतो, मान पुढं पडते आणि हनुवटी छातीला टेकून श्वास अडकू शकतो, आपण मात्र झोपलंय म्हणून निर्धास्त. पट्टे सोडून बाहेर काढायचं, पाठीवर सपाट ठेवायचं, उठलं तर उठलं, आणि ओला असो नसो डायपर बदलायचा.